सेल्फ

बँकेच्या काउंटरवर बसायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "चेकवर नाव कुणाचं घालू?" आणि मी सर्वांत जास्त वेळा दिलेलं उत्तर म्हणजे "सेल्फ." आपलेच पैसे आपणच काढायचे तर आपलं नाव न लिहिता 'सेल्फ' लिहायचं, ही गोष्ट काही लोकांना शेवटपर्यंत पटत नाही. एका गृहस्थांनी 'शेल्फ' लिहिलं होतं. आमच्या त्या वेळच्या साहेबांनी "फर्निचरच्या नावानं रोख रक्कम देता येत नाही" असं सांगून तो चेक परत केला. साहेब विनोद करत नव्हते.

आमच्या घरी मात्र सेल्फ लिहीत नाहीत, मारतात. ज्यांच्या घरात कधी ट्रक नव्हता अशा वाचकांसाठी खुलासा करतो. मोटारीचं इंजिन आपण होऊन कधीच फिरायला लागत नाही. त्याला आधी दुसऱ्या कुणीतरी फिरवावं लागतं. (ह्या बाबतीत ते अगदी माझ्या वळणावर गेलेलं आहे, असं आमच्या सौ.चं मत आहे.) हे पहिलं फिरवण्याचं काम करणारी जी विजेची मोटर इंजिनाच्या कुशीला बसवलेली असते, तिला पुस्तकात स्टार्टर म्हणतात. ट्रकवाल्यांच्या जगात तो 'सेल्फ'. किल्ली फिरवली म्हणजे सेल्फ मारला. आणि किल्ली फिरवून काहीच झालं नाही म्हणजे सेल्फ गेला. हे 'गेला' अशा आवाजात सांगतात की नवख्या माणसानं पायातल्या चपला काढून घरच्यांचं सांत्वन करायला बसावं.

आमचे वडील, म्हणजे आण्णा, ट्रकवाले. 1962 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते कराडला एका गाडीवर क्लीनर म्हणून लागले. ती पेट्रोलची म्हातारी गाडी होती. तिला सेल्फ होता, पण गावातल्या काही घरांत कर्ता पुरुष असतो तसा, नुसता नावाला. रोज सकाळी पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं काम क्लीनरचं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विळखा घालायचा नाही, हा ह्या विद्येतला पहिला धडा. कारण इंजिनाच्या मनात आलं तर ते उलटा झटका देतं, आणि अंगठा विळख्यात असला की मनगट जातं. आण्णांना हा पहिला धडा मनगट गेल्यावर शिकवण्यात आला. ते मनगट अजून जरा वाकडं आहे. आण्णा नमस्कार करतात तेव्हा त्यांचा उजवा हात डाव्या हाताला भेटायला किंचित उशिरा येतो.

हा उलटा झटका जगभर लोकांची हाडं मोडत होता. शेवटी चार्ल्स केटरिंग नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरनं 1911 साली इंजिन विजेवर फिरवण्याची युक्ती काढली आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारींना ती बसवण्यात आली. पण मला ह्या केटरिंगविषयी जी आपुलकी वाटते तिचं कारण वेगळंच आहे. मोटारींच्या नादी लागण्याआधी हा गृहस्थ डेटन गावी कॅश रजिस्टरच्या कारखान्यात नोकरीला होता, आणि दुकानदाराला गल्ल्याचं यंत्र हातानं फिरवावं लागू नये म्हणून त्यानं त्याला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याच्या यंत्राला दिवसभर राबणारी मोटर लागत नाही. क्षणभर जोर करून गप्प बसणारी लागते. इंजिनाला सुरुवातीचा धक्का द्यायलाही तशीच लागते, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे सेल्फचं मूळ गल्ल्यात आहे. कॅशियर लोकांकडून जगाला फाटक्या नोटांपलीकडे काही मिळालेलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आण्णांनी 1998 साली स्वतःची पहिली आणि शेवटची गाडी घेतली. चार लाखांच्या आसपास पडली, त्यातला बराच भाग कर्जाचा. डिझेलवर चालणारी, मध्यम आकाराची, बारा व्होल्टची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीइतकाही दोष नव्हता, आणि बिचारीनं गाडी विकताना ती आमच्या घरी पंचवीस वर्षं राहील असं धरलेलंही नसणार. गाडी आली तेव्हा मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि धाकटा दहावीला. पुढे असं झालं की मी बी. कॉम. झालो आणि धाकटा क्लीनर झाला. हे 'असं झालं' मी जरा घाईनं लिहिलं आहे. घरातही आम्ही ते घाईनंच बोलतो.

सध्या मी चिपळूणच्या शाखेत आहे आणि गाडी धाकट्याच्या हातात आहे. तो कराडहून भाजीपाला आणि गूळ भरतो, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरतो आणि आठवड्यातून तीनदा चिपळूणच्या बाजारात माल टाकतो. परत जाताना आमच्या इमारतीखाली गाडी उभी करायची, वर येऊन चहा घ्यायचा, मेथीच्या दोन जुड्या आणि गावच्या बातम्या वहिनीच्या स्वाधीन करायच्या आणि निघायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम.

2022 च्या दिवाळीनंतर हा क्रम बिघडला. तो यायचा, पण वर यायचा नाही. खालूनच हॉर्न द्यायचा. मी खाली जावं तर गाडी धडधडत उभी आणि हा खिडकीतून मेथी बाहेर काढतोय.

"अरे, वर ये की. चहा टाकलाय."

"नगं दादा. गाडी चालू हाय."

"मग बंद कर."

"उशीर हुतोय," असं म्हणून तो माझ्याकडे न बघता गिअर टाकायचा.

असं महिनाभर चाललं. आमच्या घरात ह्यावर चर्चा झाली. सौ.चं म्हणणं, दिवाळीत मी त्याच्या मुलाला गणितावरून बोललो ते त्याला लागलं. मला वाटलं, विहिरीच्या मोटारीच्या बिलात मी माझा वाटा उशिरा पाठवला ते त्यानं मनात ठेवलं. आमच्या सासूबाईंनी फोनवरूनच निदान केलं की जावांत काहीतरी झालेलं असणार. एक माणूस चहा प्यायला वर येत नाही, एवढ्या भांडवलावर आम्ही भाऊबंदकीची चार प्रकरणं तयार केली.

डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या दारातच त्याचा पाय क्लचवरून घसरला, गाडीनं एक हिसका दिला आणि ती बंद पडली. धाकटा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मग खाली उतरून, एखाद्यानं चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाला, "दादा, सेल्फ गेलाय. दीड महिना झाला."

आता आमच्या इमारतीसमोरचा रस्ता सपाट आहे. उतारावर गाडी असली की ब्रेक सोडायचा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, चाकंच इंजिनाला फिरवतात, सेल्फची गरज नाही. म्हणून सेल्फ गेलेल्या गाडीचा ड्रायव्हर मुक्कामाला जागा बघत नाही, उतार बघतो. गावात धाकटा गाडी मारुतीच्या देवळाच्या चढावर लावून चाकाखाली दगड ठेवत होता. चिपळुणात तो ती बंदच करत नव्हता. सपाटीवर बंद पडली तर एकच इलाज, माणसं. मी बँकेत जायच्या कपड्यांत होतो. पेपरवाला, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, दोन रिक्षावाले आणि मी असे पाच जण धक्का मारायला आणि अकरा जण सूचना द्यायला उभे राहिले. मास्तरांनी "एक, दोन, साडेमाडे" सुरू केलं, पण त्यांचा 'तीन' येण्याआधीच रिक्षावाल्यांनी जोर लावला आणि मास्तर माझ्या अंगावर आले. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली आणि एवढे दिवस पोटात साठवलेला सगळा धूर तिनं माझ्या पांढऱ्या शर्टावर सोडला. त्या दिवशी काउंटरवर एका खातेदारानं मला हळूच विचारलं, "घरी काही आग वगैरे?"

धाकट्यानं हे मला आधी का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी पैसे देऊ केले असते, म्हणून. हे त्यानं सांगितलं नाही, मला समजलं.

ह्या डिझेल इंजिनाचा स्वभावच विचित्र. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून भडका करतात. ह्याच्यात ठिणगी नाहीच. नुसती हवा सतरा-अठरा पट दाबायची, की ती पाचशे अंशांच्याही वर तापते, मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा, तो आपला आपण पेटतो. एवढी हवा दाबायची म्हणजे सुरुवातीला जोरही तसाच लागतो. रुडॉल्फ डिझेलनं ह्या इंजिनाचं पेटंट 1893 साली मिळवलं आणि 1913 साली इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून तो एका रात्रीत नाहीसा झाला. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला ज्यांनी डिझेलची गाडी सुरू करून पाहिली आहे त्यांना ह्याचं फारसं नवल वाटत नाही. पण एकदा का हे इंजिन सुरू झालं, की जुन्या गाडीत त्याला विजेची गरज राहत नाही. बंद करायलाही किल्ली उपयोगाची नाही. स्टॉपची दोरी ओढून त्याचं डिझेल तोडावं लागतं, तेव्हा ते कुरकुरत थांबतं. धाकटा पाटणला दहा रुपयांचा चहा प्यायचा आणि तेवढ्या वेळात गाडी त्याच्यापेक्षा महाग काहीतरी पिऊन टाकायची. डिझेल त्या वेळी लिटरला 90 रुपयांच्या पुढे होतं.

तज्ज्ञांचे सल्ले त्यानं घेतले नव्हते असं नाही. बॅटरीवाल्यानं बॅटरीला हात लावला आणि सांगितलं, बॅटरी गेली. 8,500 रुपयांची नवी बॅटरी दोन हप्त्यांत आली. दिवे लखलखीत, हॉर्न ऐकून म्हशी दावं तोडतील असा. आणि सेल्फ मारला की इंजिनाच्या पोटातून एकच आवाज, 'टक्'. पुढे शांतता. मग कराडच्या वायरमननं सेल्फ उतरवला. आत कार्बन झिजलेले, बुश ढिले, वरच्या सोलेनॉइडचे पॉइंट जळालेले. 2,800 रुपये. दुकानात जमिनीवर ठेवून, पायानं दाबून, वायरी लावल्या तर सेल्फ असा काही फिरला की वायरमनच्या पायातली चप्पल सुटली. आणून गाडीत बसवला. टक्. पुन्हा उतरवून दुकानात नेला, फिरला. पुन्हा गाडीत, टक्. माझा मुलगा असाच घरी सगळे पाढे म्हणतो आणि शाळेत गप्प बसतो, त्यामुळे मला त्या सेल्फविषयी आश्चर्य वाटलं नाही. मग फिटर म्हणाला, फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले असणार, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, 12,000. दुसरा म्हणाला, जुन्यात जीव घालू नका, नवा सेल्फच टाका, 9,000. भंगारवाला काहीच म्हणाला नाही. त्यानं ओट्यासमोर गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि 80,000 रुपये असा आकडा उच्चारला. त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत.

हे सगळं मला 2023 च्या जानेवारीत कळलं. 14 तारखेला दुसरा शनिवार, 15 ला संक्रांत, असा योग आला म्हणून आम्ही गावी गेलो. शनिवारी भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाऊन मी ओट्यावर बसलो आणि, माझी सवय वाईट, कागद मागितला.

"हे बघ," मी धाकट्याला म्हणालो, "भाड्यानं चालणाऱ्या ट्रकला दर साल 30 टक्के घसारा धरतात. पहिल्या वर्षी चार लाखांचे दोन लाख ऐंशी हजार होतात. असं पंचवीस वर्षं करत गेलास की गाडीची आजची किंमत येते..." मी बराच वेळ गुणाकार केला. "53 रुपये 64 पैसे."

ओट्यावर शांतता पसरली.

"त्रेपन्न रुपयांत," आण्णा म्हणाले, "आरसाबी येत न्हाई बाजूचा."

"वहीतली किंमत हो, आण्णा. मुद्दा असा, की ज्या वस्तूची किंमत 53 रुपये, तिच्यावर आपण अकरा हजार घालवले आणि आणखी बारा घालवायला निघालोय. आणि समोरचा माणूस 80,000 देतोय. कुठलाही हिशेबी माणूस..."

"दादा," धाकटा म्हणाला. तो कधी आवाज चढवत नाही; त्या दिवशीही चढवला नाही. "वहीत त्रेपन्न असतील. तुझ्या कॉलेजाची फी त्या वहीत कुठल्या पानावर हाय?"

बी. कॉम.च्या तीन वर्षांत मला ह्या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलेलं नव्हतं. मी कागदाची घडी घातली. सकाळी संक्रांत. आम्ही दोघांनी एकमेकांना तिळगूळ दिला, 'गोड बोला' असं म्हटलं, आणि त्यानंतर दुपारपर्यंत एकमेकांशी काहीच बोललो नाही. तांत्रिकदृष्ट्या आम्ही नियम मोडला नव्हता.

दुपारी वायरमन आला. सण असून आला, कारण त्याची इज्जत पणाला लागलेली होती. त्याचा सेल्फ दुकानात फिरत होता आणि गाडीत फिरत नव्हता, ही बातमी कराडच्या स्टँडपर्यंत गेली होती. गाडी मारुतीच्या चढावरून अंगणात आणलेली. तो बॉनेटखाली डोकं घालून, स्वतःशीच बोलावं तसं सगळं पहिल्यापासून मोजायला लागला. "बॅटरीचा प्लस. त्यातनं ही जाड वायर. ही आली सेल्फवर. वायर चांगली हाय. करंट हितवर येतोय..."

मी ओट्यावर उदास बसलो होतो. आपणही ह्या घरातले आहोत हे दाखवायला काहीतरी बोलायला हवं, एवढ्याच हेतूनं मी विचारलं, "आणि परत कुठून जातो?"

"कोण?"

"करंट."

वायरमननं डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न मी विजेच्या ज्ञानातून विचारला नव्हता, तेवढं ज्ञान मला नाही. पण वीस वर्षं एकच गोष्ट करतो आहे. एकीकडे नावे पडली की दुसरीकडे जमा कुठे झाली ते शोधायचं. नाही सापडली तर रात्री नऊपर्यंत शाखेतून उठायचं नाही. इथं हा गृहस्थ अर्ध्या तासापासून नुसती नावेची बाजू वाचत होता.

"परत व्हय," तो म्हणाला. "इंजनाच्या अंगावरनं चेसीवर. चेसीवरनं बॅटरीच्या मायनसला."

"इंजान तर रबरावर बसलंय," आण्णा ओट्यावरून म्हणाले. "रबरातनं कसा जाईल?"

"मधी पट्टी असती की, आण्णा. अर्थची." एवढं बोलून वायरमन एकदम थांबला.

आण्णा काठी टेकत उठले. "काय रं," ते धाकट्याला म्हणाले, "सेल्फ मारलास की स्टॉपची दोरी गरम लागती का?"

"लागती की! परवा जरा धूरबी निघाला. मला वाटलं, घासत असंल कुठंतरी."

ह्यापुढचं काम दहा मिनिटांचं होतं. वायरमन गाडीखाली गेला. दिवाळीच्या तोंडावर इंजिनाखालचे रबर बदलले होते. तेव्हा कुणीतरी ती अर्थची पट्टी सोडली आणि काम झाल्यावर गंज न खरवडता तशीच अडकवून दिली. वरून चिखल, त्यावर तेल, त्यावर पुन्हा चिखल. तिच्या विणीतल्या दोन-चार तारा तेवढ्या शाबूत होत्या. करंटला परतीचा रस्ताच राहिला नव्हता, म्हणून तो बिचारा स्टॉपच्या दोरीच्या लोखंडी वेटोळ्यातून चोरवाटेनं घरी जात होता.

"मग दिवे कसे लागत होते?" मी विचारलं. त्याचं उत्तर मला माझ्याच भाषेत समजलं. दिवे म्हणजे पाचशे रुपये काढायला आलेला पेन्शनर. त्यांचा मायनस थेट गाडीच्या सांगाड्याला, आणि त्यांना लागतो तरी किती, आठ-दहा अँपिअर. सेल्फ म्हणजे पाच लाखांचा बेअरर चेक घेऊन आलेला ठेकेदार. त्याला एका दमात दोन-तीनशे अँपिअर लागतात, आपल्या घरातल्या पंख्याला अर्धासुद्धा लागत नाही. एवढा लोंढा अर्धवट तुटलेल्या पट्टीतून जायला निघाला की बाराच्या बारा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि सेल्फच्या हाती 'टक्' म्हणण्यापुरतं उरतं. दुकानात तो फिरायचा, कारण दुकानात वायरमन मायनसची वायर सरळ त्याच्या अंगावर टेकवत होता. सेल्फ पहिल्यापासून खरं सांगत होता. त्याचं कुणी ऐकून घेत नव्हतं.

वायरमननं आधी एक जाड वायर बॅटरीच्या मायनसवरून इंजिनावर टेकवून धरली आणि धाकट्याला खूण केली. धाकट्यानं किल्ली फिरवली. 'टक्' आलाच नाही. गर्र् करून इंजिन फिरलं आणि लागलं. आमच्या कोंबड्या, ज्यांना दोन महिने ह्या अंगणात शांततेची सवय झालेली होती, थेट शेजाऱ्यांच्या हद्दीत गेल्या. मग गंज खरवडून, घासून, पिशवीतली विणलेली नवी पट्टी दोन बोल्टांनी बसली. तिचे 150 रुपये. मजुरी त्यानं घेतली नाही, तिळगूळ घेतला. जाताना, कार्बन आणि बुश नाही तरी बदलायला झालेच होते, हे त्यानं तीनदा सांगितलं. ते खरं होतं. बॅटरीविषयी तो काही बोलला नाही.

धाकट्यानं दोरी ओढून गाडी बंद केली. परत सुरू केली. बंद केली. सुरू केली. सातव्या खेपेला आण्णा ओरडले, "आरं, बॅटरी उतरवशील! बास!" पण त्यांनीही आतून काठी टेकत येऊन एकदा स्वतः किल्ली फिरवली. त्या वाकड्या मनगटानं.

सोमवारी पहाटे चार वाजता मी धाकट्याशेजारी केबिनमध्ये बसलो. मागे गूळ आणि भाजी, सौ. आणि मुलगा दोन दिवसांनी एस.टी.नं येणार होते. थंडी मी म्हणत होती. दहाच्या आत मला काउंटरवर असायला हवं होतं, आणि आयुष्यात प्रथमच मी ट्रकनं बँकेत जात होतो. मल्हारपेठ मागे पडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग मी खिशातून चेक काढला. 11,450 रुपयांचा. बॅटरी, सेल्फची दुरुस्ती, पट्टी.

"हे कशाला?" तो म्हणाला. "मी मागितलं न्हाई."

"घसारा आहे."

"म्हंजे?"

"पंचवीस वर्षं मी नुसता कागदावर धरला. दिला कुठं?"

तो बराच वेळ समोर बघत गाडी चालवत राहिला. मग एका हातानं चेक घेऊन डॅशबोर्डच्या उजेडात धरला. "नाव कुणाचं हाय ह्याच्यावर? सेल्फ?"

"सेल्फ. बेअरर आहे, कुठल्याही दिवशी मिळतील. फक्त तीन महिन्यांच्या आत घाल, नंतर चालत नाही."

त्यानं तो गाडीच्या कागदपत्रांत, विम्याच्या पानाशेजारी, नीट घडी करून ठेवला. तो चेक माझ्या खात्यावर कधीच आला नाही. पुढच्या वर्षी गाडीच्या पासिंगच्या वेळी कागदांत तो तसाच होता, असं आण्णांनी सांगितलं. मी बँकेत असल्यामुळे शिळ्या चेकचं काय होतं ते मला माहीत आहे; पण धाकट्याला तो विषय काढला की उशीर होत असतो.

पाटणला उजाडायच्या आत पोचलो. त्याच्या नेहमीच्या हॉटेलासमोर त्यानं गाडी घेतली. सपाट जागा. त्यानं स्टॉपच्या दोरीला हात घातला, माझ्याकडे बघितलं आणि ओढली. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या हॉटेलात धाकटा बाकावर बसला. मालकानं सुद्धा दारातून गाडीकडे डोकावून पाहिलं. "बंद केलीस?"

"केली."

चहा आला. आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो, पण दोघांच्याही माना गाडीकडे. मी एक घोट घेतला. त्यानं घेतला नाही. मी म्हणालो, "लागेल रे." तो म्हणाला, "लागंल की." आणि दोघंही एकदमच उठलो. त्यानं खिडकीतून हात घालून गिअर बघितला, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात लागली. दोरी ओढून त्यानं ती बंद केली. आम्ही परत येऊन बसलो तेव्हा चहावर साय धरली होती. मालकानं न सांगताच दुसरे दोन टाकले.